काळा दाणा आणि वीजवाहक दाणा : फरक ओळखा, मगच ऑर्डर घ्या

प्लास्टिकच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांकडे अलीकडे एक नवी मागणी येऊ लागली आहे. गिऱ्हाईक सांगते, "ट्रे काळा हवा, पण अँटिस्टॅटिक हवा." कुणाला इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्यासाठी क्रेट हवे असतात, कुणाला रसायनाच्या कारखान्यासाठी डबे, तर कुणाला मशीनच्या पट्ट्यासाठी रोलर. मोल्डिंगवाला काळा मास्टरबॅच टाकतो, माल काळाभोर निघतो, दिसायलाही छान दिसतो. पण गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मीटर लावला की तो लॉट नापास होतो. दाण्याचे पैसे गेले, विजेचे बिल गेले, मजुरी गेली आणि पुढची ऑर्डरही गेली.

या मालात दोष रंगाचा नसतो. काळे प्लास्टिक आणि वीज वाहणारे प्लास्टिक या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिल्यात कार्बन रंगासाठी असतो, दुसऱ्यात तो वीज वाहण्यासाठी असतो. कार्बनची जात, त्याचे प्रमाण आणि तो मिसळण्याची रीत या तिन्ही गोष्टी दोहोंत वेगळ्या आहेत. शिवाय वीज वाहण्याचा गुण फुकट मिळत नाही. त्याची किंमत मालाच्या मजबुतीतून मोजावी लागते. हा हिशेब काय आहे, हे आम्ही या लेखात शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहोत.

हे प्लास्टिक लागते कुठे?

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखालून ही वस्तू रोज जाते, फक्त तिची ओळख नसते. टीव्हीचा रिमोट दुरुस्त करणाऱ्याने आतली रबरी चटई उलटी करून पाहावी. प्रत्येक बटणाखाली एक छोटी काळी टिकली दिसेल. चटई सिलिकॉन रबराची असते, तिच्यातून वीज जात नाही. टिकलीत मात्र कार्बन भरलेला असतो. बटण दाबले की टिकली सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडते आणि काम होते.

मोटार गॅरेजमधल्या मिस्त्रीला स्पार्क प्लगची जाड वायर माहीत असते. अशा अनेक वायरींच्या पोटात तांबे नसून कार्बन भरलेला धागा असतो. ठिणगीमुळे रेडिओत होणारी खरखर त्याने कमी होते. ११ केव्हीच्या केबलचे जोडकाम करणारा कारागीर तर या मालाशी रोज झगडतो. तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेवर एक काळा थर, मग पांढरे इन्सुलेशन आणि त्यावर पुन्हा एक काळा थर अशी त्या केबलची रचना असते. हे दोन्ही काळे थर कार्बन भरलेल्या प्लास्टिकचे असतात. विजेचा ताण एका जागी न साठता सगळीकडे सारखा पसरावा, म्हणून ते घातलेले असतात. सांधा करताना वरचा काळा थर सोलून पांढरा भाग लखलखीत पुसावा, असे उस्ताद लोक बजावतात ते उगीच नव्हे. पांढऱ्यावर राहिलेला काळा डाग म्हणजे विजेला मिळालेली चोरवाट, आणि पुढे तोच सांधा फुटतो.

आणखी एक जुने उदाहरण. पूर्वी ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला ईथरची भूल देत. ईथर झटकन पेट घेते. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये कार्बन भरलेल्या काळ्या रबराच्या नळ्या आणि तसल्याच तळव्यांचे बूट वापरले जात. अंगावर साचलेली वीज हळूच जमिनीत उतरावी, ठिणगी पडू नये, हा त्यामागचा हेतू. आज रंग, थिनर, पेट्रोल आणि बारीक भुकटी हाताळणाऱ्या कारखान्यांत हेच प्लास्टिक त्याच कारणासाठी लागते. तेथे खोटा माल गेला तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही, आग लागू शकते.

इलेक्ट्रॉनिक्समधले नुकसान याहून गुपचूप होते. माणसाला साचलेल्या विजेचा चटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टांच्या आतच मरतात. म्हणजे हाताला काही कळण्याआधी भाग निकामी झालेला असतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या बांधवांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

घमेल्यांची रांग

साधे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन विजेला जवळजवळ पूर्ण अडवते. पॉलिथिनचा रोध ओहम-सेंटिमीटरमध्ये सांगायचा तर १ वर १६ शून्ये, किंवा त्याहूनही जास्त. त्यात कार्बनची भुकटी मिसळू लागलो की वीज हळूहळू वाढत जाईल, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही.

स्लॅब टाकताना मजूर खालपासून वरपर्यंत रांगेने उभे राहतात आणि घमेली हातोहात वर जातात. मजूर विरळ उभे असतील तर दहा मजूर असोत की वीस, एकही घमेले वर पोहोचत नाही. रांग पूर्ण झाली की घमेली लगेच वाहू लागतात. कार्बनचे कण हे असेच मजूर आहेत. कण एकमेकांपासून दूर असेपर्यंत प्लास्टिक वीज अडवतेच. प्रमाण एका ठरावीक हद्दीवर आले की कणांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळते आणि रोध एकदम कोसळतो. चार-पाच टक्क्यांच्या फरकात तो अब्जावधी पटींनी खाली येतो. कण एकमेकांना टेकलेलेच हवेत असेही नाही. मजूर घमेले थोडे फेकूनही देतात, तसे कणांमधले अंतर अत्यंत सूक्ष्म असेल तर वीज ते ओलांडून जाते. या हद्दीला शास्त्रात 'परकोलेशन'ची हद्द म्हणतात. आपण तिला 'रांग जुळण्याची हद्द' म्हणू या.

आता मोल्डिंगवाल्याचा हिशेब पाहा. २५ किलोच्या गोणीत अर्धा किलो काळा मास्टरबॅच टाकला आणि त्या मास्टरबॅचमध्ये ४० टक्के कार्बन असला, तर प्रत्यक्ष कार्बन गेला २०० ग्रॅम, म्हणजे एक टक्काही नाही. रंगाला तेवढा पुरतो. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाईपात उन्हापासून बचावासाठी साधारण २ ते ३ टक्के कार्बन असतो, तो पाईपही वीज वाहत नाही. साध्या कार्बनची रांग जुळायला बहुधा १० ते २५ टक्के लागतात. ४० टक्क्यांच्या मास्टरबॅचने २० टक्के गाठायचे तर तयार मालातला निम्मा भाग मास्टरबॅचचाच हवा. "मूठभर जास्त टाकला" एवढ्याने हे काम होणार नाही.

कार्बनच्या जाती

बाजारात कार्बन एकाच नावाने विकला जात असला तरी त्याच्या जाती निरनिराळ्या आहेत.

पहिली जात काजळीची, म्हणजे कार्बन ब्लॅक. तिचे कण द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. घड मोठा व फांद्याफांद्यांचा असेल तर रांग लवकर जुळते. घड आखूड असेल तर जास्त माल ओतावा लागतो. रंगासाठीची काजळी वेगळी आणि वीज वाहण्यासाठी बनवलेली वेगळी. दुसरीतल्या काही उंची प्रती ५ टक्क्यांच्या आसपासही काम करतात, पण त्यांचा भाव बराच चढा असतो.

दुसरी जात ग्राफाईटची, म्हणजे शिसपेन्सिलीतला कार्बन. त्याचे पापुद्रे असतात. तो घसरणीला चांगला, उष्णता वाहून नेण्यासही चांगला. परंतु रांग जुळवायला काजळीपेक्षा बहुधा जास्त लागतो.

तिसरी जात कार्बन फायबरची. धागा लांब असल्यामुळे एकटा धागा अनेक कणांचे काम करतो. यात वीजही मिळते आणि मजबुतीही मिळते, मात्र दर भारी.

चौथी जात कार्बन नॅनोट्यूबची. १९९१ साली जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे या नळ्यांकडे जगाचे लक्ष गेले. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा या नळ्या प्लास्टिकमध्ये नीट पसरल्या तर एक-दोन टक्क्यांतही रांग जुळू शकते. अडचण त्या पसरवण्याचीच आहे. त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून त्या भुकटीऐवजी तयार मास्टरबॅच म्हणूनच घेणे शहाणपणाचे.

येथे एक गैरसमज दूर करू. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना वीज वाहणाऱ्या प्लास्टिकबद्दल मिळाले. ते प्लास्टिक मूळच्या रचनेनेच वीज वाहते. आपल्या बाजारातला हा माल तसा नव्हे. यात प्लास्टिक साधेच असते, वीज वाहतो तो त्यातला कार्बन. आणि तोही तांब्याच्या तुलनेत लाखो पटींनी कमी वाहतो. तेव्हा याच्या तारा ओढून दिवा लावण्याचे स्वप्न कुणी दाखवले तर सावध राहावे. याचे काम साचलेली वीज उतरवणे, थोडा प्रवाह नेणे, प्रवाहाला मर्यादा घालणे एवढेच.

मजबुतीची किंमत

विजेचा आकडा सांगणारा विक्रेता बहुधा मजबुतीचा आकडा सांगत नाही. तो विचारलाच पाहिजे.

काजळी भरली की प्लास्टिक ताठ होते आणि त्याच वेळी ठिसूळ होते. साधे पॉलिप्रॉपिलिन ताणले तर तुटण्याआधी मूळ लांबीच्या कित्येक पट लांबते. त्यात २० टक्क्यांच्या आसपास काजळी गेली की हे लांबणे फारच घटते. याचा अर्थ असा की जो क्रेट साध्या दाण्याचा असताना हातातून पडला तरी वाचत होता, तो आता कोपऱ्यातून तडकतो. बिजागऱ्या, खटके, पातळ कडा या जागा सर्वांत आधी जातात. साध्या दाण्यासाठी बनवलेल्या साच्यात वीजवाहक दाणा ओतण्याआधी कोपरे गोल करावेत आणि भिंतीची जाडी तपासून घ्यावी.

कार्बन फायबरचा हिशेब निराळा आहे. नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के कार्बन फायबर घातला तर ताण सोसण्याची ताकद सुमारे तिप्पट होते आणि ताठपणा कित्येक पटींनी वाढतो. पण लांबणे दोन-तीन टक्क्यांवर येते. म्हणजे वस्तू वाकत नाही आणि मोडते तेव्हा इशारा न देता मोडते. शिवाय धागे प्लास्टिकच्या वाहण्याच्या दिशेने झोपतात. त्यामुळे त्या दिशेने ताकदही जास्त आणि वीजही जास्त. आडव्या दिशेने दोन्ही कमी.

ठिसूळपणा कमी करण्याचे काही मार्ग आहेत. ईव्हीएसारखा मऊ प्लास्टिक किंवा रबराचा अंश मिसळला तर लवचीकपणा काही अंशी परत येतो. दोन न मिसळणारी प्लास्टिके एकत्र घेतली की कार्बन अनेकदा त्यांपैकी एकातच गोळा होतो आणि थोड्या कार्बनात रांग जुळते. कार्बन जितका कमी, तितकी मजबुती जास्त टिकते. म्हणून महाग पण थोडी लागणारी काजळी कधी कधी शेवटी स्वस्त पडते. भाव किलोमागे न पाहता नगामागे काढावा, परत येणारा माल धरून.

मशीनवर काय बिघडते?

तोच दाणा एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर नापास, असेही होते. त्याची मुख्य कारणे अशी :

१. फार घोटणे. मिश्रण कमी झाले तर गुठळ्या राहतात, आणि स्क्रूने गरजेपेक्षा जास्त घोटले तर काजळीचे घड तुटतात, फायबरचे तुकडे होतात. मग रांग मोडते आणि रोध वाढतो. रंगाच्या बाबतीत जास्त घोटणे चांगले; येथे ते घातक.

२. घाईने भरणे. इंजेक्शनचा वेग फार असला तर वस्तूच्या वरच्या पृष्ठभागावर कार्बन कमी असलेली पातळ साय येते. आत वीज वाहते, वर वाहत नाही. साचा जरा गरम ठेवला आणि वेग कमी केला की फरक पडतो.

३. ओल. काजळी हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात दाणा न वाळवता वापरला तर वस्तूवर चंदेरी रेघा उठतात आणि आत पोकळ्या राहतात.

४. काठावरचे प्रमाण. रांग १२ टक्क्यांवर जुळते म्हणून १२ टक्केच टाकणे म्हणजे विहिरीच्या काठावर उभे राहणे. २५ किलोत पाव किलोची तोलाई चुकली तर एक टक्क्याचा फरक पडतो आणि काठावर तेवढ्याने रोध शंभर पटींनी वर-खाली होऊ शकतो. हद्दीच्या चांगले वर राहावे.

५. भंगाराचा वापर. फायबरचा माल पुन्हा दळला की धागे प्रत्येक वेळी आखूड होतात. ताकद आणि वीज दोन्ही घटतात. रीप्रोसेस करणाऱ्या बांधवांनी वीजवाहक काळे भंगार साध्या काळ्या भंगारात मिसळू नये. पहिल्याचा गुण जातो आणि दुसरे ठिसूळ होते.

कारागिरांच्या तब्येतीबद्दलही दोन शब्द. सुटी काजळी उडते आणि श्वासात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅकला माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत ठेवले आहे. म्हणून शक्यतो मास्टरबॅचच घ्यावा आणि मास्क वापरावा. कार्बन फायबरची धूळ तर वीज वाहते. ती मशीनच्या पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट होतो.

आकडा कसा मागावा, कसा तपासावा?

"अँटिस्टॅटिक" हा शब्द सैल आहे. ऑर्डर घेताना पृष्ठभागाचा रोध किती ओहम हवा, हे लिहूनच घ्यावे. इलेक्ट्रॉनिक मालाच्या पॅकिंगसाठी रूढ असलेली वर्गवारी अशी : १०,००० ओहमपेक्षा कमी तो 'वीजवाहक'; १०,००० पासून १ वर ११ शून्ये इतक्या ओहमच्या आतला तो 'हळू उतरवणारा'; त्यापुढचा तो 'इन्सुलेटर'. तिन्ही रंगाने काळे असू शकतात.

गुलाबी अँटिस्टॅटिक पिशव्यांबद्दलही खुलासा हवा. त्यांत कार्बन नसतो. त्यातले रसायन पृष्ठभागावर येऊन हवेतली ओल धरते आणि त्या ओलीतून वीज उतरते. त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात त्या उत्तम चालतात, पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्यांचा गुण कमी होतो. काही काळाने रसायनही झिजते. कार्बन भरलेल्या मालाचा गुण हवेतल्या ओलीवर अवलंबून नसतो. उलट त्याची खोड अशी की निकृष्ट मालातला कार्बन घासून बाहेर येतो. पांढऱ्या कागदावर वस्तू जोरात घासून पाहावी. काळी रेघ उमटली तर तो माल सर्किटच्या जवळ नेऊ नये.

दुकानात प्राथमिक तपासणी अशी करता येते. लाकडाच्या ५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्यांना अॅल्युमिनियमची चांदी घट्ट गुंडाळावी. त्या वस्तूच्या सपाट भागावर एकमेकींपासून बरोबर ५ सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेवाव्यात, वर वजन ठेवावे आणि मल्टिमीटरच्या दोन पिना त्या चांदीला लावाव्यात. लांबी आणि अंतर सारखे असल्याने येणारा आकडा हाच अंदाजे पृष्ठभागाचा रोध. हात लावू नये, नाहीतर आपल्या अंगाचाही रोध त्यात मिसळतो. चार-पाच ठिकाणी, उभे आणि आडवे, दोन्हीकडून मोजावे.

स्वस्त मल्टिमीटर साधारण २० लाख ओहमपर्यंतच वाचतो. त्यामुळे 'वीजवाहक' माल त्याने कळतो, 'हळू उतरवणारा' बहुतेक वेळा कळत नाही. त्यासाठी खास मीटर किंवा प्रयोगशाळा हवी. मोठी ऑर्डर असेल तर प्रमाणपत्र घ्यावेच. केंद्र सरकारच्या सिपेट या प्लास्टिकविषयक संस्थेचे केंद्र औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. चाचणीसाठी तेथे चौकशी करावी. नमुना मात्र प्रत्यक्ष वस्तूचा द्यावा. दाणा दाबून केलेल्या पट्टीचा आकडा आणि इंजेक्शनच्या वस्तूचा आकडा यांत मोठा फरक पडतो.

उष्णतेचा खेळ

या मालाचा एक गुण असाही आहे की ज्याचा दोष वाटावा, पण त्याचेच सोने झाले. पॉलिथिनमध्ये काजळी भरून तो गरम केला की साधारण १२५ ते १३० अंश सेल्सिअसला प्लास्टिकमधले स्फटिक वितळतात, माल फुगतो आणि कणांची रांग तुटते. रोध हजारो पटींनी वाढतो, प्रवाह जवळजवळ थांबतो. थंड झाले की रांग पुन्हा जुळते. याच तत्त्वावर आपोआप परत चालू होणारे फ्यूज बनतात. बॅटरीच्या पॅकमध्ये आणि सर्किट बोर्डावर दिसणारी ती पिवळी किंवा हिरवी चपटी टिकली अनेकदा हीच असते. दुरुस्ती करणाऱ्याने ती काढून तेथे साधी तार जोडू नये. तशी तार जोडली तर दुरुस्ती होत नाही, संरक्षण काढून टाकले जाते.

यातून मोल्डिंगवाल्यानेही बोध घ्यावा. थंड वस्तूवर मिळालेला आकडा गरम जागी टिकेलच असे नाही. वस्तू बॉयलरजवळ किंवा उन्हात वापरायची असेल तर गिऱ्हाइकाला तापमान विचारून घ्यावे.

ऑर्डरच्या कागदावर पाच ओळी

आमची सूचना एवढीच की असा माल घेताना किंवा देताना पाच गोष्टी कागदावर असाव्यात : पृष्ठभागाचा रोध किती ते किती, तो कोणत्या वस्तूवर आणि कसा मोजायचा, कार्बनची जात कोणती व प्रमाण किती, किती उंचीवरून पडल्यावर वस्तू तडकता कामा नये, आणि वापराच्या जागी तापमान किती. यापैकी एकही ओळ कोरी असेल तर भाव सांगण्याची घाई करू नये.

छोट्या कारखानदारालाही या कामात वाव आहे, कारण अशा ऑर्डरी बहुधा थोड्या नगांच्या आणि निरनिराळ्या आकारांच्या असतात. मोठ्या कारखान्याला त्या परवडत नाहीत. ज्याच्याकडे एक चांगले मशीन, नीट तोलाई आणि मीटर लावून माल बाहेर पाठवण्याची सवय आहे, त्याला हे गिऱ्हाईक सोडून जात नाही. नुसता काळा रंग तर कुणीही देऊ शकतो.